‘विक्रांत’ का वाचली नाही : मुंबईतल्या एका युद्धस्मारकाचा प्रकरण अभ्यास

२२ नोव्हेंबर २०१४ रोजी मुंबईत दारूखाना या जहाजं तोडण्याच्या भागात ‘विक्रांत’ तोडायला सुरुवात झाली. भारताची ही पहिली विमानवाहू नौका. नौदलातून निवृत्त झाल्यावर जवळपास अठरा वर्षं ती मुंबईतच होती, आणि त्यातली बरीच वर्षं संग्रहालय म्हणून उभी होती. शाळकरी मुलं तिच्या डेकवर फिरून गेली होती. तिला वाचवा म्हणून मोहिमा निघाल्या, वर्तमानपत्रांत लेख आले, जनहित याचिका झाल्या. तरीही ती भंगारात गेली.

त्या वेळी याची दोन कारणं सगळीकडे ऐकू येत होती. सरकारला इतिहासाची कदर नाही हे एक, आणि लोकांना काही पडलेलं नाही हे दुसरं. मला दोन्ही पटत नाहीत. कदर होती म्हणूनच तर १९९७ साली तिला न तोडता जपायचं ठरलं. आणि लोकांना पडलेलं नसतं, तर गोदीचे दरवाजे उघडले की एवढी माणसं कशाला गेली असती? या प्रकरणात भावना पहिल्यापासून शेवटपर्यंत हजर होती. हजर नव्हता तो दरवर्षी देखभालीचं बिल भरणारा ठरलेला मालक. बाकीचं सगळं या एका गोष्टीतून उद्भवलं, असं मला वाटतं, आणि ते कसं, तेच इथे तपशिलाने मांडतो आहे. कारण युद्धाच्या इतिहासाची स्मारकं, दिन, सोहळे आपल्याकडे वाढत चालले आहेत आणि ‘विक्रांत’च्या वेळी जे झालं ते नंतरही झालं आहे.

नौका कोणती होती

दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिशांनी ‘हर्क्युलिस’ नावाने ही नौका बांधायला घेतली. सप्टेंबर १९४५ मध्ये ती पाण्यात उतरली, पण तोवर युद्ध संपलं होतं. काम थांबलं आणि अर्धवट सांगाडा तसाच पडून राहिला. १९५७ साली भारताने तो विकत घेतला आणि बेलफास्टच्या गोदीत काम पूर्ण करून घेतलं. ४ मार्च १९६१ रोजी ब्रिटनमधल्या भारताच्या उच्चायुक्त विजयालक्ष्मी पंडित यांच्या हस्ते ती ‘विक्रांत’ या नावाने नौदलात दाखल झाली. कॅप्टन प्रीतमसिंग महिंद्रू तिचे पहिले कप्तान. त्याच वर्षी ३ नोव्हेंबरला ती मुंबईत आली तेव्हा स्वागताला पंतप्रधान नेहरू होते. महिना-दीड महिन्यातच गोवा मुक्तीची कारवाई झाली आणि ‘विक्रांत’ पश्चिम किनाऱ्यावर गस्तीला होती.

१९६५च्या युद्धात मात्र ती दुरुस्तीसाठी गोदीत होती. पाकिस्तानने ती बुडवल्याचा दावाही करून टाकला. आपली सर्वांत मोठी नौका युद्धात उतरलीच नाही, हे शल्य नौदलाला पुढची सहा वर्षं राहिलं. १९७१ चा तिचा पराक्रम समजून घ्यायचा तर हे आधी माहीत हवं.

१९७१ उजाडलं तेव्हा तिच्या चार बॉयलरांपैकी एकाला भेग गेलेली होती. हा तपशील वाटतो त्यापेक्षा फार मोठा आहे. बॉयलरच्या वाफेवर नौका चालते आणि त्याच वाफेवर विमान फेकणारं कॅटापल्टही चालतं. नौकेचा वेग कमी झाला की डेकवरून वाहणारा समोरचा वारा कमी होतो, आणि वारा कमी म्हणजे विमानाला उचलणारा जोर कमी. मुळात २४ नॉटच्या (ताशी २४ सागरी मैलांच्या) वर पळू शकणारी नौका आता तो वेग गाठू शकत नव्हती. अशी नौका युद्धात न्यावी का, यावर नौदलात खल झाला. नौदलप्रमुख ॲडमिरल सरदारीलाल मथरादास नंदा यांनी ती न्यायचीच असं ठरवलं. पश्चिमेला धोका जास्त होता, म्हणून तिला पूर्वेला, बंगालच्या उपसागरात धाडलं. कप्तान होते स्वराज प्रकाश.

तिला शोधायला पाकिस्तानची ‘गाझी’ ही पाणबुडी निघाली होती. ‘विक्रांत’ अंदमानकडे सरकली आणि ती विशाखापट्टणमजवळच आहे असा देखावा ‘राजपूत’ या विनाशिकेने उभा केला. ३ आणि ४ डिसेंबरच्या मधल्या रात्री ‘गाझी’ विशाखापट्टणमच्या बाहेर बुडाली. ४ डिसेंबरच्या सकाळी ‘विक्रांत’वरून सी हॉक विमानं उडाली आणि त्यांनी कॉक्स बझारच्या विमानतळावर हल्ला केला. त्यानंतर चितगाव. पुढचे दिवस सी हॉक आणि अलिझे या दोन जातींच्या विमानांनी चितगाव, खुलना आणि आसपासची बंदरं, धावपट्ट्या, जहाजं यांवर मारा चालू ठेवला. पूर्व पाकिस्तानातल्या सैन्याला समुद्राच्या वाटेने कुमक येणं आणि तिथून निसटणं, दोन्ही बंद झालं. १६ डिसेंबरला ढाक्यात शरणागती झाली, त्यामागे या नाकेबंदीचाही हात होता.

नौदल दिन आपण ४ डिसेंबरला पाळतो तो कराचीवरच्या क्षेपणास्त्र हल्ल्यासाठी. ‘विक्रांत’ची पहिली झेपही त्याच तारखेची आहे, हे मुंबईत फारसं कुणी सांगत नाही.

त्यानंतर तिच्यावर सी हॅरियर ही विमानं आली, ऐंशीच्या दशकात कॅटापल्ट काढून पुढचा डेक वर वळवला गेला. १९९४च्या नोव्हेंबरनंतर ती समुद्रात गेली नाही. ३१ जानेवारी १९९७ रोजी ती निवृत्त झाली. सेवा छत्तीस वर्षांची.

संग्रहालयाची वर्षं

तोडायची नाही, मुंबईत संग्रहालय करायचं, असं निवृत्तीच्या वेळीच ठरलं. निर्णय योग्य होता. ब्रिटनने ‘बेलफास्ट’ ही क्रूझर १९७१ पासून लंडनमध्ये थेम्सवर लोकांसाठी ठेवली आहे. न्यूयॉर्कला ‘इंट्रेपिड’ ही विमानवाहू नौका १९८२ पासून संग्रहालय आहे. मुंबईकडे समुद्र होता, पर्यटक होते, नौदलाचं पश्चिम मुख्यालय होतं, आणि १९७१चं युद्ध लढलेली नौका होती.

पण संग्रहालय म्हणजे कुणाचं? नौका संरक्षण मंत्रालयाची. संग्रहालयाची हौस राज्य सरकारची. ती कायमची उभी करायची तर जागा मुंबई बंदराच्या पाण्यात, म्हणजे परवानगी पोर्ट ट्रस्टची. समुद्रात भराव किंवा बांधकाम आलं की किनारा नियमन क्षेत्राचे नियम, म्हणजे केंद्राचं पर्यावरण खातं. खर्च भागवायला खासगी भागीदार हवा, आणि तो आला तर त्याला नफा हवा. एवढ्या जणांपैकी ‘ही आता माझी’ असं सही करून म्हणणारा कुणी नव्हता. नौदलाने तिला संभाळलं, कारण ती त्यांच्या दारात उभी होती आणि त्यांचा जीव तिच्यात होता. पण नौदलाचं काम चालू ताफा लढायला तयार ठेवण्याचं. मुंबईच्या गोदीत धक्क्याची प्रत्येक जागा मोलाची असते. तिथे दोनशे तेरा मीटर लांबीची निवृत्त नौका वर्षानुवर्षं उभी ठेवणं म्हणजे चालू नौकांची जागा अडवून ठेवणं.

२००१ पासून लोकांना ती पाहता येऊ लागली. तीही कायम नाही, ठराविक काळापुरती, नौदल सप्ताहासारख्या निमित्ताने. कारण ती चालू नौदल गोदीच्या आत होती. तिथे तिकीट काढून कुणीही रोज यावं अशी सोय करणं शक्यच नव्हतं. २००८च्या हल्ल्यानंतर तर कुठल्याच लष्करी आवारात लोकांना मोकळेपणी सोडण्याचा प्रश्न उरला नाही.

ज्यांनी ती त्या काळात पाहिली, त्यांना हॅंगर, म्हणजे डेकखालचा विमानं ठेवायचा कक्ष, आठवतो. वरच्या डेकवरून विमान खाली आणणारी लिफ्ट, आणि खाली उतरल्यावर डोक्यावर येणारं ते प्रचंड पोकळ छत. जुनी विमानं, प्रतिकृती, छायाचित्रं मांडलेली होती. माणसाला युद्ध समजतं ते अशा ठिकाणी. व्याख्यानात ‘डेक लहान होता’ हे वाक्य कानावरून जातं. डेकच्या एका टोकाला उभं राहून दुसऱ्या टोकाकडे पाहिलं की पोटात गोळा येतो, कारण एवढ्याशा जागेत विमान उतरवायचं, तेही हलत्या नौकेवर, कधी रात्री, हे तिथे उभं राहिल्याशिवाय कल्पनेत येत नाही. स्मरणाच्या कार्यक्रमांत मी या अनुभवाला सर्वांत वरचा मान देतो. म्हणूनच तो गमावल्याचं दुःख मला अजून आहे.

या काळात राज्य सरकार कायमस्वरूपी भागीदार शोधत राहिलं. गेटवेच्या दक्षिणेला ऑयस्टर रॉक या बेटालगत तिला टेकवून ठेवायचा प्रस्ताव चर्चेत होता. अभ्यास झाले, खर्चाचे अंदाज काहीशे कोटींपर्यंत पोचले. २०१० पर्यंत कुणी पुढे आलं नव्हतं. २०१२ मध्ये ती लोकांना आत सोडण्याइतकी सुरक्षित उरली नाही म्हणून संग्रहालय बंद झालं.

लिलाव, न्यायालय, दारूखाना

ऑगस्ट २०१३ मध्ये पश्चिम नौदल विभागाचे प्रमुख व्हाइस ॲडमिरल शेखर सिन्हा यांनी जाहीर सांगितलं की नौका राखणं फार कठीण झालं आहे आणि संग्रहालयासाठी खासगी निधी कुणी देऊ केलेला नाही, त्यामुळे ती मोडीत काढावी लागेल. राज्य सरकारने हात टेकले. डिसेंबरमध्ये लिलाव ठरला. त्याविरुद्ध मुंबई उच्च न्यायालयात जनहित याचिका झाली. न्यायालयाने ती फेटाळली: नौकेची अवस्था जपण्याजोगी उरलेली नाही, आणि पैसाही नाही, सरकारची तयारीही नाही. जानेवारी २०१४ मध्ये ऑनलाइन लिलावात दारूखान्याच्या एका जहाजतोड कंपनीने ती सुमारे ६० कोटींना घेतली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं, काही काळ ‘जैसे थे’चा आदेश मिळाला, आणि ऑगस्टमध्ये तोही मार्ग संपला.

उच्च न्यायालयाच्या निकालावर तेव्हा बरंच रागाने लिहिलं गेलं. समोर जो पुरावा होता त्यावर दुसरा निकाल देणं न्यायालयाला शक्य होतं असं मला वाटत नाही. न्यायालय सरकारला ‘जप’ म्हणून सांगू शकतं, पण दरवर्षीची तरतूद न्यायालय करू शकत नाही. २०१३ साली ‘विक्रांत’ वाचवणं खरोखरच उशिराचं झालं होतं. या प्रकरणाचा निर्णय कोर्टात झाला नाही, लिलावातही झाला नाही. तो १९९७ ते २००२ या पाच वर्षांत झाला, जेव्हा नौका अजून धडधाकट होती आणि कुणीच काही ठरवलं नाही.

खारं पाणी थांबत नाही

चौकातला रणगाडा रंगाचा हात दिला की दहा वर्षं उभा राहतो. कारण तो कोरड्या जमिनीवर आहे. तरंगत्या नौकेचा हिशेब निराळा.

पोलादी तळ खाऱ्या पाण्यात असला की तो सतत गंजतो. चालू नौकेला ठराविक काळाने ड्राय डॉकमध्ये, म्हणजे पाणी उपसून कोरड्या केलेल्या गोदीत घेतात, तळाला चिकटलेले शंखशिंपले खरवडतात, पत्रे तपासतात, जिथे पातळ झाले असतील तिथे बदलतात, रंग देतात, आणि पोलादाऐवजी स्वतः झिजणाऱ्या जस्ताच्या वड्या नव्याने लावतात. आतून पंप चालू ठेवावे लागतात. हजारो लहान-मोठे नळ, झडपा, दारं. संग्रहालय झालं म्हणून समुद्र सवलत देत नाही. उलट खलाशांची जी शेकडो जणांची तुकडी रोज खरवडत, रंगवत, तेल घालत असते, ती निवृत्तीच्या दिवशी उतरून जाते. नौकेला संभाळणारे हात त्या दिवशी कमी होतात आणि गंज तसाच चालू राहतो.

म्हणजे निर्णय लांबवणं फुकट नसतं. संग्रहालयाचा प्रस्ताव फाइलमध्ये एक वर्ष पडून राहिला तर जमिनीवरच्या वाड्याचं फारसं बिघडत नाही, तरंगत्या नौकेचं बिघडतं. खर्चाचा अंदाज दर खेपेला आधीपेक्षा मोठा येतो, मोठा आकडा पाहून भागीदार मागे सरतो, तो सरला की आणखी दोन वर्षं जातात, आणि पुढचा अंदाज आणखी मोठा. ‘विक्रांत’च्या बाबतीत हे चक्र पंधरा वर्षं फिरलं. त्यात खलनायक शोधण्याचा मी प्रयत्न केला नाही, कारण मला तो दिसत नाही. नौदल आपल्या परीने राखत होतं, राज्य सरकार आपल्या परीने भागीदार शोधत होतं, कार्यकर्ते आपल्या परीने आवाज उठवत होते. पण नौकेच्या नावाचा वेगळा ट्रस्ट, त्याला एकरकमी निधी आणि त्याच्या व्याजातून देखभाल, अशी साधी रचना पहिल्या पाच वर्षांत उभी राहायला हवी होती. ती राहिली नाही.

दुसरा प्रश्न असा की सगळी नौका जपणं गरजेचं होतं का? यावर तेव्हा पुरेशी चर्चा झाली नाही, याची मला खंत आहे. पूर्ण सांगाडा नाही तर निदान डेकवरचा मनोरा, जिथून कप्तान नौका चालवतो आणि विमानांना हुकूम जातो, तो जमिनीवर आणून त्याभोवती संग्रहालय करता आलं असतं. डेकचा एक तुकडा, लिफ्ट, बॉयलर खोलीचा भाग. ज्या बॉयलरने १९७१चा प्रश्न उभा केला तो समोर ठेवून ती कथा सांगता आली असती. मागणी मात्र सगळी मिळून एकच राहिली, सबंध नौका जशी आहे तशी. ती मागणी मनाला भिडणारी होती, पण खर्चाच्या बाजूने तिने दारं बंद केली.

विशाखापट्टणमची पाणबुडी

नेमक्या त्याच वर्षांत देशात एक उदाहरण यशस्वी झालं. ‘कुरसुरा’ ही रशियन बनावटीची पाणबुडी १९६९ साली नौदलात आली आणि एकतीस वर्षांच्या सेवेनंतर २००१ च्या फेब्रुवारीत निवृत्त झाली. पुढच्याच वर्षी, ऑगस्ट २००२ मध्ये ती विशाखापट्टणमच्या रामकृष्ण बीचवर संग्रहालय म्हणून खुली झाली. तिला किनाऱ्यावर ओढून काँक्रीटच्या बैठकीवर बसवायला सुमारे साडेपाच कोटी खर्च आला. चालवायला शहर विकास प्राधिकरणाने घेतली. आत माहिती सांगायला नौदलातले निवृत्त लोक नेमले. शहराच्या रस्त्यालगत, तिकीट काढून, आठवड्यातले बहुतेक दिवस कुणालाही आत जाता येतं. पुढे त्याच रस्त्यावर समोर तू-१४२ या जातीचं निवृत्त टेहळणी विमानही संग्रहालय म्हणून आलं.

पाणबुडी लहान, ‘विक्रांत’ अवाढव्य, त्यामुळे ही तुलना सरळ होत नाही, हे मान्य. एक्क्याण्णव मीटरची पाणबुडी वाळूवर ओढता येते, दोनशे तेरा मीटरची आणि जवळपास वीस हजार टनांची नौका गिरगावच्या वाळूवर येणार नाही. पण आकार बाजूला ठेवला तरी तीन गोष्टी उरतात. ती पाण्याबाहेर काढली, म्हणून तळाचा प्रश्न मिटला. ती लष्करी आवाराबाहेर आणली, म्हणून लोक रोज येऊ शकले आणि तिकिटाचा पैसा नियमित झाला. आणि ती एका स्थानिक संस्थेच्या ताब्यात दिली, म्हणून बिल कुणाच्या टेबलावर जायचं हे ठरलं. निवृत्तीनंतर दीड वर्षात हे झालं, ही चौथी गोष्ट, आणि माझ्या लेखी सर्वांत मोठी.

आपल्या शेजारी कारवारच्या किनाऱ्यावर ‘चपळ’ ही क्षेपणास्त्र नौका अशीच कोरड्यावर ठेवलेली आहे. गोव्यात बोगमाळोच्या रस्त्यावर नौदल विमानन संग्रहालय १९९८ पासून आहे; सी हॉक, अलिझे, सी हॅरियर ही ‘विक्रांत’वरून उडणाऱ्या जातींची विमानं तिथे उघड्यावर उभी आहेत. मुंबई-पुण्याची माणसं गोव्याला जातात तेव्हा दाबोळी विमानतळापासून हाकेच्या अंतरावरचं हे ठिकाण चुकवतात. मुलं बरोबर असतील तर चुकवू नका.

‘विराट’च्या वेळी

‘विक्रांत’चा अनुभव ताजा असताना ‘विराट’ ही दुसरी विमानवाहू नौका ६ मार्च २०१७ रोजी निवृत्त झाली. या वेळी तरी आधी ठरेल असं वाटलं होतं. नोव्हेंबर २०१८ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने सिंधुदुर्गात निवती खडकांजवळ तिचं सागरी संग्रहालय आणि साहसी क्रीडा केंद्र करायला मान्यता दिली. प्रकल्प ८५२ कोटींचा, सरकारी-खासगी भागीदारीतला. संग्रहालयाला नफा कमवायला लावलं की त्यात हॉटेल येतं, सभागृह येतं, डायव्हिंग येतं, आणि आकडा एवढा फुगतो की मूळ नौका त्यात एक कारण होऊन राहते. भागीदार आला नाही. २०१९ मध्ये केंद्राने मोडीत काढायचं संसदेत सांगितलं. २०२० च्या सप्टेंबरमध्ये ती मुंबईतून गुजरातमधल्या अलंगला, जहाजं तोडण्याच्या किनाऱ्यावर, ओढून नेली गेली. विकत घेणाऱ्याने तिला ३८.५४ कोटी दिले होते. संग्रहालयासाठी ती त्याच्याकडून परत घेण्याची एक धडपड सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेली, तोवर तोडणी पुढे गेली होती.

दोन नौका, वीस वर्षांचं अंतर, एकच वळण. दुसऱ्यांदा झालं म्हणून मला त्याची चीड जास्त येते.

सोहळ्यांचा पैसा आणि देखभालीचा पैसा यांचं नातं २०२३च्या नौदल दिनातही दिसलं. त्या वर्षी ४ डिसेंबरचा सोहळा प्रथमच सिंधुदुर्गाच्या किनाऱ्यावर झाला. मालवणला राजकोट किल्ल्यावर छत्रपती शिवाजी महाराजांच्या पुतळ्याचं अनावरण झालं. शिवरायांच्या आरमाराला नौदलाने दिलेली ती मानवंदना होती आणि ती मनापासून होती. २६ ऑगस्ट २०२४ रोजी पुतळा कोसळला. नऊ महिनेही झाले नव्हते. त्यानंतर नव्या पुतळ्याच्या निविदेत दहा वर्षांच्या देखभालीची अट घातली गेली. समुद्राकाठी उभ्या राहणाऱ्या प्रत्येक स्मारकाच्या पहिल्याच कागदावर असायला हवी अशी ही अट आहे.

काय उरलं, काय करता येईल

‘विक्रांत’च्या धातूतून शिल्पकार अर्झान खंबाटा यांनी घडवलेलं स्मारक २५ जानेवारी २०१६ पासून मुंबईत नौदल गोदीच्या लायन गेटजवळ उभं आहे. फोर्टात कामाला जाणारी हजारो माणसं रोज त्यावरून जातात. त्याच वर्षी बजाजने तिचं पोलाद मिसळलेली मोटारसायकल बाजारात आणली. अनेकांनी ती त्याच एका कारणासाठी घेतली, यात मला लोकांच्या मनाचा मोठेपणा दिसतो. २ सप्टेंबर २०२२ रोजी कोचीत देशात बांधलेली नवी ‘विक्रांत’ नौदलात आली. नाव तेच, क्रमांक तोच आर-११, आणि ऋग्वेदातलं ‘जयेम सं युधि स्पृधः’ हे ब्रीदही तेच. परंपरा नौदलाने अभंग ठेवली.

सिंधुदुर्गात आता ‘गुलदार’ या निवृत्त नौकेचा प्रकल्प आहे. २०२५च्या सुरुवातीला ती पर्यटन महामंडळाच्या ताब्यात आली. निवती खडकांजवळ तिला बुडवून पाण्याखालचं संग्रहालय आणि प्रवाळांना आसरा करायचा बेत आहे. या वेळी नौका लहान आहे, केंद्राचा निधी आहे, आणि ताबा एका संस्थेकडे आहे, म्हणजे ‘विक्रांत’च्या वेळी नसलेल्या तीन गोष्टी आहेत. बुडवल्यानंतरच्या पाचव्या आणि दहाव्या वर्षी तिची तपासणी कोण करणार आणि त्याचा पैसा कुठल्या शीर्षकाखाली ठेवला आहे, हे मालवण-वेंगुर्ल्याच्या लोकांनी आणि डायव्हिंगवाल्यांनी आत्ताच विचारून घ्यावं. माहितीच्या अधिकारात हा प्रश्न दोन ओळींचा आहे.

एक काम मात्र नौकेवाचूनही करता येतं आणि त्याला फार दिवस उरलेले नाहीत. १९७१ला ‘विक्रांत’वर वीस वर्षांचा असलेला खलाशी आज पंचाहत्तरीच्या घरात आहे. बॉयलर खोलीत राबलेले, डेकवर विमानं ओढणारे, दारूगोळा चढवणारे, स्वयंपाकघरातले. वैमानिक आणि कप्तान यांच्याबद्दल लिहिलं गेलं; या बाकीच्यांना फारसं कुणी विचारलेलं नाही. कोकणातून आणि साताऱ्या-कोल्हापुराकडून नौदलात गेलेल्या माणसांची परंपरा जुनी आहे, तेव्हा त्यांतले काही जण आपल्याच गावांत, आपल्याच सोसायट्यांत असणार. माजी सैनिकांच्या नोंदी जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात असतात. ४ डिसेंबरला शाळेत किंवा वाचनालयात कार्यक्रम ठेवणाऱ्यांनी पाहुणा ठरवण्याआधी तिथे एक पत्र द्यावं: आमच्या तालुक्यात ‘विक्रांत’वर काम केलेलं कुणी आहे का? असेल तर त्यांना मंचावर भाषण करायला लावू नये. मुलांना समोर बसवावं, नौकेचा नकाशा टेबलावर पसरावा, आणि विचारावं: काका, तुम्ही नेमके कुठे उभे असायचा, हातात काय असायचं, झोपायचा कुठे, ४ डिसेंबरच्या पहाटे तुम्हाला काय सांगितलं होतं? मोबाइलवर आवाज नोंदवून घ्यावा, सुरुवातीला नाव, हुद्दा, वर्ष आणि नौकेवरची जागा म्हणवून घ्यावी, आणि ती फाइल वाचनालयात दोन ठिकाणी साठवून नोंदवहीत तिचा क्रमांक लिहावा.